मिरचीच्या वावरातलं बोअर

सोन्याच्या शोधात दीक्षाने जागा दाखवलेलं पहिलंच बोअर फुकट गेलं, आणि तेही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. भिवापूरच्या पुढे एका खडकाळ टेकडीच्या पूर्वेला मशीन उभं होतं. मशीनने जमिनीतून काढलेले दगडाचे गोल दांडे पेट्यांत ओळीने मांडले होते. पहिल्या पेटीपासून शेवटच्या पेटीपर्यंत तोच हिरवट, ठणठणीत, अखंड दगड. सोनं राहू द्या, सोन्याची चाहूलही नव्हती.

टेकडीवर मात्र चाहूल होती. फार फार पूर्वी इथे ज्वालामुखीचा लाव्हा थिजला होता. पुढे जमिनीच्या पोटात दोन्ही बाजूंनी रेटा बसून त्या खडकाचा एक पट्टा पार रगडला गेला आणि त्याचे पापुद्रे पापुद्रे झाले. त्या पापुद्र्यांतून खालचं गरम पाणी वर चढलं आणि जाताना गारगोटीच्या शिरा मागे सोडून गेलं. टेकडीवरून नेलेल्या त्या गारगोटीच्या तुकड्यांत प्रयोगशाळेला सोनं सापडलं होतं. पट्टा जमिनीत खाली जाताना पूर्वेकडे कलतो, असं दीक्षाने टेकडीच्या पश्चिम उतारावर मोजमापं घेऊन ठरवलं होतं. म्हणून तर मशीन पूर्वेला लावून बोअर पश्चिमेकडे तिरपं घातलं. पट्टा वाटेत आडवा यायलाच हवा होता. आला नाही.

नागपूरच्या ऑफिसातून अरुंधती मॅडमचा फोन आला. दीक्षाच्या त्या साहेब. रागावल्या नाहीत, त्यामुळे दीक्षाला अधिकच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"महिनाअखेर मशीन दुसऱ्या जिल्ह्यात जाईल," मॅडम म्हणाल्या. "तोवर आणखी एक बोअर होईल. पण जागा नंतर सांग. आधी हे का चुकलं ते सांग."

नागपुरातल्या हुडकेश्वरच्या घरून आईचाही रोज फोन. "सापडलं का वं?"

"आई, सोनं काय भाजी आहे का, की गेली अन् घेऊन आली?"

"तसं नाही, शेजारच्या बाया विचारून राहिल्या ना."

कारण सापडलं ते विहिरीत. टेकडीच्या पश्चिम पायथ्याशी चंद्रकलाबाईंचं मिरचीचं वावर होतं. साठीच्या या बाई एकट्याच शेती पाहायच्या. मशीनला पाणी फार लागे आणि ते त्यांच्याच विहिरीतून यायचं. त्या सकाळी पाइप नीट बसला का, हे बघायला दीक्षा काठावर ओणवली आणि तशीच राहिली. विहीर बांधलेली नव्हती, चारी बाजूंनी उघडा खडक दिसत होता. आणि त्या खडकाचे पापुद्रे सगळे खाली जाताना पश्चिमेकडे कलत होते. टेकडीवर होते त्याच्या बरोबर उलट.

"विहिरीत काय पाहून राहिली वं पोरी?" चंद्रकलाबाईंनी हाक दिली. "पाणी तर वरूनही दिसते."

"मावशी, मी खाली उतरू का?"

"उतर. पण पडली तर मीच काढीन, हे ध्यानात ठेव."

दीक्षा होकायंत्र घेऊन दगडी खाचांवर पाय ठेवत उतरली. एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं. मग खालीच उभी राहून स्वतःशी हसायला लागली. उतारावर कडब्याच्या पेंढ्या उभ्या रचल्या, की दिवस जातील तसे त्यांचे शेंडे खालच्या अंगाला वाकतात. टेकडीचंही तेच झालं होतं. वरचे पापुद्रे युगानुयुगं पश्चिमेच्या उताराकडे झुकत गेले होते, म्हणून खाली जाताना ते पूर्वेकडे कलल्यासारखे दिसत होते, आणि तिने मोजले होते ते फक्त हे वाकलेले शेंडे. खोलवर बुंधा पश्चिमेकडेच उतरत होता. म्हणजे तिचं बोअर आणि तो पट्टा, दोघं एकाच दिशेने बाजूबाजूने खाली उतरत राहिले. भेट होणार कुठून?

मॅडमनी फोनवर सगळं ऐकलं आणि मोठ्याने हसल्या. "माझंही पहिलं असंच गेलं होतं. आता पश्चिमेकडून घाल."

पश्चिमेकडून म्हणजे मिरचीच्या वावरातून. चंद्रकलाबाईंनी ऐकूनच घेतलं नाही.

"ते धूड माह्या उभ्या मिरचीत? शेवटचा तोडा बाकी आहे माह्या."

"तोडा कधी होईल, मावशी?"

"बाया लग्नसराईत अडकल्या. मी एकटी तोडून राहिली. होईल महिन्याभरात."

महिनाभर वेळ हाताशी नव्हताच. दीक्षा मशीनपाशी परत आली. मशीन चालवणारा जागेश्वर आणि त्याची माणसं चहा पीत बसली होती.

"जागेश्वरभाऊ, मिरची तोडता येते का?"

"मी मशीन चालवाले आलो मॅडम, मिरची तोडाले नाही."

"मशीन उभंच आहे ना? तोवर हात चालवू."

जागेश्वरने मशीनकडे पाहिलं, वावराकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी दीक्षासकट सगळी टोळी ओळीने वावरात उतरली. चंद्रकलाबाईंना आधी ही थट्टाच वाटली. मग त्यांनी कमरेला पदर खोचला आणि मुकादम झाल्या. "देठासंगं तोड गा! झाड नको उपटू, ते बोअर नाही!" दुपारी व्हायचं तेच झालं. जागेश्वरने घाम पुसला आणि मिरचीचा हात डोळ्याला लागला. आडदांड गडी बांधावर नाचायला लागला. चंद्रकलाबाईंनी त्याला धरून विहिरीच्या गार पाण्याने डोळा धुतला, वर दम दिला, "रडू नको, एवढा मोठा झाला." बाकीचे हसून हसून खाली बसले. संध्याकाळी सगळ्यांच्या हातांची आग आग होत होती आणि बाईंनी गडव्याने ताक ओतत सगळ्यांचे हात धुतले. तीन-चार दिवसांत वावर मोकळं झालं. लाल मिरची खळ्यात पसरली आणि मशीन वावरात आलं.

बोअर पूर्वेकडे तिरपं निघालं. आधी तोच हिरवट, ठणठणीत दगड. मग एका दुपारी मशीनचा आवाज बदलला, बाहेर पडणारं पाणी राखाडी झालं.

"मॅडम, नरम लागलं!" जागेश्वर ओरडला.

नळी बाहेर काढून त्याने दांडा पेटीत उतरवला. दगड रगडलेला, हातात घेताच पापुद्रे सुटणारा. त्यात दुधी गारगोटीची शीर, आणि शिरेच्या कडेने पिवळे चौकोनी चकचकीत दाणे. माणसं गोळा झाली. "सोनं!"

"ते नव्हे," दीक्षा म्हणाली. "ते लोखंड आणि गंधक. फसवं असतं." तिने भिंग डोळ्याला लावलं आणि इंच इंच पाहत गेली. एका ठिकाणी थांबली. गारगोटीच्या भेगेत एक कण होता. चमकत नव्हता, नुसता पिवळा होता. मऊ पिवळा. भिंग कसंही फिरवलं तरी तसाच पिवळा.

तिने भिंग चंद्रकलाबाईंच्या हातात दिलं. बाईंनी बराच वेळ पाहिलं.

"हे?"

"हे."

"अवं, यात डासाची नथही होणार नाही!"

वावरभर हशा पिकला. दीक्षाही हसली, पण डोळे भरून आले होते आणि या खेपेला मिरचीचा काही संबंध नव्हता.

प्रयोगशाळेचा निकाल आला तेव्हा दीक्षा तो सांगायला नागपूरहून मुद्दाम गेली. टनभर दगडात काही ग्रॅम, आणि पट्टा अरुंद. पण सोनं होतं, आणि तिने सांगितलं तिथेच होतं.

"म्हणजे माह्यं वावर जाईल?" चंद्रकलाबाईंनी सरळ विचारलं.

दीक्षाने गोड बोलून वेळ मारून नेली नाही. "आज काही नाही, मावशी. अजून पुष्कळ बोअर लागतील, वर्षं लागतील. कदाचित खाण परवडणारच नाही. परवडली, तर कोणीतरी तुम्हाला विचारायला येईल."

बाई म्हणाल्या, "येऊ दे. जबाब द्याले मी आहो ना. अन् तवा तू माह्या बाजूनं बोलाले येशील."

"येईन."

"मंग झालं." त्या खुलल्या. "तुले सांगू, परवा कळमन्याच्या बाजारात व्यापारी भाव पाडून राहिला होता. मी म्हटलं, भाऊ, सोन्यावर पिकलेली मिरची आहे ही! सारी आडत हसली. भाव नाही वाढला, पण चहा पाजला त्यानं."

दीक्षाने पिशवीतून टेप काढला. पुढच्या बोअरची जागा बांधाच्या पलीकडे, पडीक जमिनीत धरायची होती. टेपचं टोक धरायला कोणी नव्हतं, तर चंद्रकलाबाईंनीच ते हातात घेतलं आणि तरातरा चालत थेट पलीकडच्या पळसापर्यंत गेल्या.

"ओढ वं!" तिथून त्या ओरडल्या. "ढिला आहे!"