देऊळ पुरं फिरलं

“आज तुमी वर बसा. खाली मी उतरते,” आई म्हणाली आणि तिनं पदर खोचला.

अप्पा हसले. “येडी का काय? देऊळ फिरवणं म्हंजी भाकरी थापणं हाय व्हय?”

“मंग काय हाय? गाडीचं चाक आन् त्याला एक खुंटा. पंधरा वर्सं जातं फिरवून राहिले मी. तुमच्या देवळाची काय मातब्बरी!”

ही औंढ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेतली, चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. जत्रेत रतनसिंगचा पत्र्याचा मंडप असायचा. आत अंधार करून नामदेवाची गोष्ट दाखवायचे. कीर्तन करणाऱ्या नामदेवाला देवळामागं हाकललं, तर देऊळच फिरून त्याच्यासमोर आलं, ती गोष्ट. ते लाकडी देऊळ माणसाएवढं होतं आणि ते फिरायचं, कारण खालच्या खड्ड्यात आमचे अप्पा, म्हणजे तातेराव, बसलेले असायचे. रतनसिंगनं काठी एकदा आपटली की फिरवायचं, दोनदा आपटली की थांबायचं. पाच जत्रा त्यांनी हेच केलं. उभं देऊळ रोज झाडलं, पण फिरताना एकदाही पाहिलं नाही. वर बायामाणसं “अगं बाई!” म्हणायची, तेवढं कानावर पडायचं. आमच्या गावी, साखऱ्यात कुणी विचारलं, “कसं दिसतं रे?” की अप्पा खुशाल थापा मारायचे. कळस सोन्यासारखा पेटतो म्हणे, नामदेवाच्या डोळ्याला पाणी येतं म्हणे! आणि रात्री आईला म्हणायचे, “एकडाव बघायचं व्हतं गं.”

त्या वर्षी आई मला घेऊन एस.टी.नं आली ती एवढ्यासाठीच. जत्रा वगैरे निमित्त.

रतनसिंगनं बरीच कुरकुर केली. “एकच खेळ हां, तातेराव. गडबड झाली तर उद्यापासून दुसरा माणूस.”

आई खड्ड्यात उतरली. अप्पा माझ्याशेजारी सतरंजीवर बसले, लग्नाच्या पंगतीत बसावं तसे, टोपी सारखी करून. कळस म्हणजे पिवळा रंगवलेला तांब्या निघाला आणि नामदेवाच्या पुतळ्याच्या नाकाचे पोपडे उडालेले होते. मी अप्पांकडे रागानं बघितलं, पण त्यांचं लक्ष कुठं होतं!

काठी वाजली. देऊळ थरथरलं आणि हळूहळू फिरायला लागलं.

“आगं आयो!” अप्पा ओरडले. सगळ्या मंडपात त्यांचाच आवाज मोठा.

देवळाचं दार नामदेवासमोर आलं. लोकांनी हात जोडले. रतनसिंगनं काठी दोनदा आपटली. देऊळ थांबेना. त्यानं पुन्हा आपटली. देऊळ आपलं फिरतंय. फळ्यांखालून आईचा आवाज यायला लागला:

“फिर फिर रे देवळा, नको थांबू अर्ध्यात,
धनी माझा बसला गं, आज चार मानसांत.”

जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात, ते काय खोटं नाही. आणि दळण सरल्याशिवाय जातं थांबवायची आईला सवय कुठली? ओवीच्या नादात तिला काठी ऐकूच गेली नाही.

रतनसिंग दात-ओठ खात अप्पांकडे धावला. “तातेराव, जाऊन थांबव तिला! उद्या काम पायजे का न्हाई?”

पाच वर्षं काठीच्या इशाऱ्यावर हलणारे अप्पा जागचे हलले नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही पुसलं नाही. “फिरू द्या शेट,” म्हणाले. “तिचं सरंल तवा थांबंल.”

देऊळ सात वेळा फिरलं. लोकांनी “हर हर महादेव” करून मंडप डोक्यावर घेतला.

आई वर आली ती कोपरापर्यंत वंगणानं काळी. घाबरून म्हणाली, “बराबर फिरलं का वो?”

“बराबर फिरलं,” अप्पा म्हणाले आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या नव्या धोतरानं तिचे हात पुसायला लागले. “अवो, लोक बघून राहिले!” म्हणत आई लाजेनं अर्धी झाली, पण हात काही तिनं ओढून घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी खड्ड्यात दुसरा माणूस उतरला. पुढच्या वर्षी तर रतनसिंगनं मोटारच बसवली. जत्रेत मंडपासमोरून जाताना मी अप्पांना विचारलं, “बघायचं का?”

“काहून? ते आता अर्ध्यातच थांबतंय,” अप्पा म्हणाले. “आपुन पुरं बघितलंय.”

आणि ते पुढं निघालेल्या आईला गाठायला भरभर चालायला लागले.