बाप्तिस्म्याला लावलेलं अत्तर

बसा, एका बाप्तिस्म्याची गोष्ट सांगतो. देवाधर्माची कमी, नाकाची जास्त.

सर्बियात आमच्या द्रेनोव्यात स्तामेन्का नावाची विधवा आहे. साठीची, आलुबुखाराच्या बागेत राबणारी. बाप्तिस्म्याला लेकरू हातात धरते तिला तिकडं कुमा म्हणतात. हे नातं सख्ख्याहून घट्ट. गावातल्या नेवेनाच्या सासरची पोरं पिढ्यान्‌पिढ्या स्तामेन्काच्याच घरानं धरलेली. मान एकदा दुसऱ्या घरी गेला की गेलाच. आता नेवेनाला मुलगा झालेला, आणि धरायला स्तामेन्का एकटी उरलेली.

तेवढ्यात व्हिएन्नातल्या धाकट्या बहिणीनं अत्तर पाठवलं. एवढीशी बाटली, झाकण मात्र वजनदार. वर फोन.

"आक्का, मानेवर जरासंच लाव. झाडावर फवारा मारतेस तसं मारू नकोस."

"मला अक्कल आहे," स्तामेन्का म्हणाली, आणि झाडावर मारतात तसं मारलं. वरून खाली, दोन्ही बाजूंनी.

आधी पिकून फुटलेल्या आलुबुखाराचा वास आला. मागनं मधाचा. चर्चच्या वाटेवर अंग तापलं तसा जुन्या लाकडाचा. स्तामेन्का सावकाश चालत होती. पुढं कोणी श्रीमंत बाई चाललीय आणि तिची-आपली चांगली ओळख आहे, असं तिला वाटत होतं. चष्मा घरीच ठेवलेला. असल्या वासाला दोरी बांधलेला चष्मा शोभत नाही.

पाद्रीबुवा मितार दारातच उभे होते. जत्रेत आलुबुखाराच्या दारूची स्पर्धा असते, तिचे परीक्षक हेच. त्यांनी एकदा नाक ओढलं. मग दुसऱ्यांदा, डोळे मिटून.

"कुमा, सकाळी सकाळी?"

"काय सकाळी सकाळी, बाबा?"

"जुनी आहे. तुतीच्या लाकडाच्या पिंपात मुरलेली. कोणाकडची?"

"अत्तर आहे ते."

"हो. माझा मेव्हणाही तिला औषध म्हणतो."

कुमानं प्रार्थना म्हणायची असते. पाद्रीबुवांनी पुस्तक पुढं केलं. बिनचष्म्याची स्तामेन्का दुसऱ्या ओळीवरून चौथीवर गेली आणि परत दुसरीवर आली. पाद्रीबुवांनी पुस्तक मिटलं.

"शुद्धीत नसलेल्या हातात मी लेकरू देणार नाही. नेवेना, दुसरं कोण आहे?"

नेवेनाच्या नवऱ्याची आत्या एक पाऊल पुढं आली. हात तिनं आधीच पसरले होते.

"तुम्ही थांबा, आत्याबाई," नेवेना म्हणाली. "कुमा, तुम्ही काहीतरी बोला की."

स्तामेन्कानं पर्स उघडली, बाटली काढली आणि पाद्रीबुवांच्या दाढीवर दोनदा अत्तर मारलं.

"हुंगा."

पाद्रीबुवांनी दाढी मुठीत धरून नाकापाशी नेली आणि बराच वेळ तिथंच ठेवली.

"पिंप कुठलं म्हणालात?"

"फ्रान्सचं."

"काम चांगलं आहे," ते म्हणाले, आणि पुस्तक उघडलं. नेवेना मागून एकेक ओळ कानात सांगत गेली, स्तामेन्का मोठ्यानं म्हणत गेली. लेकरू तिच्याच हातात आलं. आत्याबाई हात तसेच धरून मेणबत्त्यांकडं गेल्या, जणू त्यासाठीच पसरले होते.

दाढीचं तेवढं राहिलं. ते अत्तर साबणानं जात नाही. पाद्रीबुवांची बायको त्या दिवशी माहेरी होती. परत आल्यावर तिनं वास घेतला आणि विचारलं. विधवेचं अत्तर दाढीला कसं लागलं हे सांगत बसण्यापेक्षा त्यांनी सांगून टाकलं की सकाळी घोटभर घेतली होती. ती चार दिवस बोलली नाही, पण पाचव्या दिवशी सूप केलं. गावानंही तोंड शिवून घेतलंय.

तेव्हा तुम्ही कधी द्रेनोव्याकडं गेलात आणि पाद्रीबुवांच्या बायकोनं विचारलंच, तर एवढं करा. दारूच होती म्हणून सांगा.