अठरा जानेवारीचा फोटो

अश्वजीत खांबावरून पडला तेव्हा त्याच्या कमरेला सुरक्षेचा पट्टा नव्हता, हे राखीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. इस्पितळात भावाचे कपडे तिनंच ताब्यात घेतले होते. शर्ट, पॅन्ट आणि एक चप्पल. विजेच्या खांबावर चढणाऱ्या माणसाच्या पायात चप्पल!

चौकशीच्या कागदांत मात्र वेगळंच निघालं. ठेकेदारानं एक फोटो जोडला होता. त्यात अश्वजीत हेल्मेट, हातमोजे आणि कमरेला जाड पट्टा लावून हसत उभा. कोपऱ्यात छापलं होतं : सहा जून, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. तिलवाऱ्याच्या रस्त्यावर तो पडला साडेदहाला. म्हणजे सामान दिलं होतं, यानंच ते काढून ठेवलं. मेला तो स्वतःच्या चुकीनं.

"माझ्या लेकराले काय मरायची हौस होती?" भीमाबाई एवढंच म्हणाली आणि कागद पालथा घातला.

राखी चेरीताल भागात ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात कामाला होती. नोकरीच्या फॉर्मला ताजा फोटो लागे आणि लोक जुनेच आणत, म्हणून तिच्या मोबाइलमध्ये एक ॲप होतं. फोटोची फाइल त्यात उघडली की ती कुठल्या दिवशी, किती वाजता, कोणत्या जागी आणि कोणत्या फोनवर तयार झाली ते सगळं समोर येई. पण छापलेल्या कागदाला ॲप काय करणार? मूळ फाइल हवी होती, तीही डॉक्युमेंट म्हणून आलेली, कारण साधा फोटो पाठवला की ही माहिती पुसली जाते; आणि ती योगेशच्या फोनमध्ये असणार. रोज सकाळी कामगारांच्या टोळीचे फोटो ऑफिसला पाठवायचं काम त्याच्याकडेच होतं.

योगेश दोन गल्ल्या सोडून राहायचा. सहा वर्षं तो अश्वजीतच्या बरोबरीनं काम करत होता, आता टोळीप्रमुख होता. त्या दिवशी अश्वजीतला उचलून गाडीत घालणाराही तोच.

अश्वजीतच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तो आला, तेव्हा राखी त्याच्याजवळ जाऊन बसली.

"योगेशभाऊ, दादाचे असतील तेवढे फोटो पाठवा न. डॉक्युमेंट करून पाठवा, नाहीतर मोठे केले की फाटतात."

त्यानं सतरंजीवर बसल्या बसल्या एक्केचाळीस फोटो पाठवले. निवडताना त्याचे डोळे वाहत होते. राखीला स्वतःची लाज वाटली. फोटो तर तिला खरंच हवे होते, पण मागितले होते ते दुसऱ्याच कामासाठी.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तिनं एकेक फाइल उघडली. पट्ट्याचा फोटो दोनदा होता. पहिला अठरा जानेवारीचा, संध्याकाळी चार सदतीसचा. जागा, ठेकेदाराचं गोदाम. दुसरा तोच, पण कोपऱ्यात तारीख टाकलेला. ती फाइल तयार झाली होती सहा जूनला, दुपारी बारा वीसला. जागा, इस्पितळ.

राखीनं वेळ पुन्हा वाचली. अकरा चाळीसला डॉक्टरांनी अश्वजीत गेल्याचं सांगितलं होतं. त्यानंतर योगेश पायऱ्यांवर मान खाली घालून मोबाइलमध्ये काहीतरी करत बसला होता. तिला वाटलं होतं, नातेवाइकांना कळवून राहिला आहे.

ती तशीच उठून त्याच्या घरी गेली. मोबाइल समोर धरला. योगेशनं एकदा पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

"अकरा जणांत पट्टा एकच आहे, राखी," तो म्हणाला. "जानेवारीत गोदामात सगळ्यांना पाळीपाळीनं घालायला लावला, फोटो काढले. रोज त्यावरच तारीख टाकून पाठवायचे आणि पुसायचे."

"आणि त्या दिवशी?"

"सकाळी पाठवायचा राहून गेला होता. ठेकेदाराचा फोन आला. बोले, सुबह वाला फोटो अभी के अभी भेजो."

"आत दादा मरून पडला होता, योगेशभाऊ."

"माहीत होतं."

"मग काहून पाठवला?"

आतल्या दारात त्याची बायको उभी होती, तिच्याकडे त्यानं पाहिलं, एवढंच.

"हेच चौकशीत सांगा," राखी म्हणाली. "फोन कोणाचा आला ते सांगा."

"सांगीन. पण त्यानं लिहून कुठं दिलं? मी म्हणीन आला, तो म्हणेल नाही आला."

राखीनं घरी येऊन आईला सगळं सांगितलं. योगेश अडकेल, हेही सांगितलं. भीमाबाई भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "दे. माझ्या पोराची चूक नव्हती, एवढं कागदावर येऊ दे."

राखीनं दोन्ही फाइली चौकशीत दिल्या. योगेशनं खरं ते सगळं सांगितलं. त्याच्या जबाबाला पुरावा नव्हता; ठेकेदारानं मात्र अकरा पट्टे घेतल्याचं बिल आणून दाखवलं. चार महिन्यांनी निकाल आला : मयत अश्वजीतचा दोष नाही, पट्टे असूनही ते न वाटता टोळीप्रमुख योगेशनं खोटे फोटो पाठवून वरिष्ठांची फसवणूक केली. योगेशला पोलिसांनी नेलं. ठेकेदाराला बरगीकडचं नवं काम मिळालं.

भीमाबाईनं पहिली ओळ राखीकडून दोनदा वाचून घेतली. मग विचारलं, "योगेशच्या घरी कोण आहे आता?"

"बायको आणि दोन पोरी."

"जाऊन ये."

राखी गेली. योगेशच्या बायकोनं दार अर्धंच उघडलं.

"ते खरं बोलले म्हणून आत गेले," ती शांतपणे म्हणाली. "तूही खरं तेच केलं, मला माहीत आहे. पण आता येत नको जाऊ इकडे."

आणि तिनं दार लावून घेतलं.