सव्वीस न्यायमूर्ती आणि मी, पत्र्याची पेटी

खट्.

दुपारी बेंगळुरातल्या बनशंकरीतलं हे घर निजलेलं असतं, तेव्हा एवढासा आवाजही केवढा मोठा होतो. दचकू नका, मित्रांनो. कडी माझीच वाजली. भव्याला ती उघडायला आवडते. आईनं आत काय जपून ठेवलंय, ते तिला पुन्हा पुन्हा पाहायचं असतं.

मी पत्र्याची पेटी. बळेपेटेतल्या एका गल्लीत कृष्णाजी कारागिरांनी मला ठोकून ठोकून उभं केलं, हिरवा रंग दिला आणि झाकणावर दोन पोपट काढले. एकाची चोच जरा वाकडी झाली. "असू दे, तो बोलका दिसतो," असं म्हणून हणमंतराव मला लेकीच्या लग्नासाठी घेऊन गेले. त्यांची लेक भाग्यलक्ष्मी. मल्लेश्वरमच्या एका शाळेत ती पहिलीच्या मुलांना शिकवायची.

आधी माझ्यात साड्या होत्या. मग तिच्या लेकीची, भव्याची झबली आली, टोपरी आली, वेखंडाचा वास आला. त्या वासाइतकं सुख मला पुन्हा कशानं झालं नाही. बाळ अंगावर पितं होतं तेव्हाच भाग्यलक्ष्मी रजा संपवून शाळेत गेली, तर शाळेच्या कमिटीनं सांगितलं, तुमची जागा भरली. तिनं बाळंतपणाची रजा मागितली होती, नोकरी सोडली नव्हती. ती भांडली. इथल्या हायकोर्टानं निकाल दिला, हिला परत घ्या. मग कमिटी दिल्लीला गेली, सर्वोच्च न्यायालयात. तिथून हुकूम आला, आमचा निर्णय होईपर्यंत थांबा.

ते थांबणं अजून चालू आहे. साड्या बाहेर निघाल्या, कागद आत आले. भव्या आणि हा खटला बरोबरीनं वाढले. भव्याचे दुधाचे दात पडले, ती पहिलीत गेली, दुसऱ्याच बाईंच्या हाताखाली पहिली संपवून दुसरीत गेली. खटला नुसताच जाड होत गेला.

"कागद सुटे आणू नका, पेटीच ठेवून जा," असं वकील पद्माकररावांनी सांगितलं आणि माझा मुक्काम त्यांच्या मल्लेश्वरमच्या बैठकीत पडला. तिथे रोज संध्याकाळी वकिलांची मैफल जमायची. कॉफीचे पेले ठेवायला त्यांना माझ्यासारखी सोय नव्हती. माझ्या पोपटांवर गोल गोल डाग पडले.

"सव्वीस न्यायमूर्ती आणि नव्वद कोटी माणसं! पन्नास करा म्हणतो मी," पद्माकरराव गरजायचे.

"पन्नास केलेत तर ते सर्वोच्च कसलं? बाजार होईल," विश्वेश्वर वकील कुरकुरीत कोडबळं मोडत म्हणायचे. "मोठं कोर्ट लहानच शोभतं."

"त्यापेक्षा त्याची एक शाखा आपल्या बेंगळुरात आणा. हवा किती छान आहे!" हे वासुदेव वकील.

"आणि मद्रासवाले गप्प बसतील होय?"

"बसू देत उकाड्यात!"

मग हशा. मग आणखी कॉफी.

न्यायमूर्ती कमी असतीलही, मित्रांनो. पत्र्याच्या पेटीला त्यातलं काय कळतं? पण दिल्लीतल्या खुर्च्या इतक्या तावातावानं मोजणाऱ्या त्या विद्वानांपैकी एकानंही कधी माझं झाकण उघडलं नाही. उघडायचं तर पेले उचलावे लागले असते.

भाग्यलक्ष्मी लेकीचं बोट धरून दारात उभी राहायची. "अण्णा, माझी तारीख?"

"येईल, भाग्यक्का, येईल. स्वल्प दम धरा. वर बसायला माणसंच नाहीत, तर मी काय करू?"

आणि एकदा खरंच तारीख आली. अखेरची सुनावणी. भाग्यलक्ष्मीनं येऊन मला ओल्या फडक्यानं पुसलं, काथ्यानं आवळलं. पद्माकरराव मला घेऊन दिल्लीला निघणार होते. पण निघायच्या आदल्या दिवशी ते तिला म्हणाले, "पुढे गेली हो तारीख! दिल्लीचं हे असंच." तिचा चेहरा पडला, तशी लगेच म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. त्याच दिवशी इथे आमची परिषद आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारावर. मी मुख्य वक्ता. तुमचाच दाखला देणार आहे. भव्याला घेऊन या."

म्हणून ज्या दिवशी मी दिल्लीत असायला हवं होतं, त्या दिवशी मी मल्लेश्वरमच्या एका सभागृहात व्यासपीठावर होते. गळ्यात झेंडूची माळ. शेजारी पद्माकरराव.

"ही पाहा एका मातेची पेटी!" त्यांनी माझ्यावर थाप मारली. "हिच्यात न्याय कुजतो आहे! का? न्यायमूर्ती नाहीत म्हणून!"

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. मागच्या रांगेत भाग्यलक्ष्मी इस्त्रीची साडी नेसून बसली होती. तिनंही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून बोचतात.

मग आभार मानायला वासुदेव वकील उठले. त्यांना विनोद केल्याशिवाय राहवत नसे. "पद्माकररावांचे विशेष आभार! आज त्यांची दिल्लीत सुनावणी होती. पण त्यांनी चिठ्ठी पाठवून ती पुढे ढकलून घेतली, समोरच्या पक्षानंही आनंदानं होकार दिला, म्हणून तर आपल्याला हे भाषण ऐकायला मिळालं!"

सगळे हसले. न्यायाच्या विलंबावर भाषण करायला सुनावणी लांबवली, यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. नमस्कार असो अशा विद्वत्तेला.

भाग्यलक्ष्मी उठली. रांगेतून वाट काढत थेट व्यासपीठावर आली.

"भाग्यक्का, बसा, प्रश्नोत्तरं नंतर आहेत," पद्माकरराव पुटपुटले.

"प्रश्न नाही, अण्णा. माझी पेटी न्यायला आले." तिनं माझ्या गळ्यातली माळ काढून त्यांच्या हातात दिली. "तुम्ही न्यायमूर्ती पन्नास करा, शंभर करा. त्यांच्यासमोर उभा राहणारा एक वकील तेवढा मी शोधते."

विश्वेश्वर वकिलांनी घड्याळात पाहिलं. जेवणाची वेळ झाली होती.

मित्रांनो, मला रंग द्या, गंजू देऊ नका, असं मी सांगणार नाही. पत्रा आहे, गंजणारच. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, शिकाल, आणि कुणीतरी विश्वासानं आपली पेटी तुमच्या हाती देईल. तेव्हा तिच्यावर भाषण करू नका. ती उघडा, आणि आत काय आहे ते वाचा.

त्या दिवशी ऑटोत मी दोघींच्या पायांशी आडवी होते. भव्यानं विचारलं,

"अम्मा, आज दिल्लीत न्यायमूर्ती आले होते का गं?"

"आले असतील."

"मग त्यांनी तुझं नाव पुकारलं असेल?"

"असेल, बाळा."



"आणि कुणीच उठलं नाही. मग त्यांना वाटलं नसेल का, की तुला शाळेत जायचंच नाही?"