बैठक हवी

गुडघ्याला चोळायचं मलम, अर्धी ट्यूब. भिंतीवर पाटी : आपण सारे एक कुटुंब. एका पाळीत नऊशे शर्ट. नखात अडकलेला पांढरा दोरा. डॉक्टरांचं वाक्य : "दिवसभर उभं राहणं सोडा, नाहीतर नोकरी सोडा."

शर्टांच्या कारखान्यात ती बारा वर्षं तपासणीच्या टेबलापाशी उभी होती. बटण ओढायचं, टिकलं तर शर्ट पुढे ढकलायचा. सगळे तिला बटणमावशी म्हणत. बटणं टिकत होती. गुडघ्यांनी मात्र हात टेकले होते.

अशात कंपनीला कामगारांच्या समाधानाची उबळ आली. कागद वाटले गेले : चांगल्या नोकरीसाठी तुम्हाला काय हवं? एका ओळीत लिहा.

"राजवाडा लिहा, जाऊबाई," शेजारच्या टेबलावरची तिची धाकटी जाऊ म्हणाली.

"गप गं. मागायचं ते जरा शोभेलसं मागावं."

स्टूल लिहिणं तिला हलकं वाटलं. खुर्ची लिहावी तर साहेबांच्या जागेवर डोळा आहे असं दिसायचं. तिने लिहिलं : आम्हाला कामाच्या जागी बैठक हवी.

चौथ्या दिवशी साहेब स्वतः टेबलापाशी. "मावशी, जिंकलंत! संवादाची एवढी तळमळ!" आणि दर सोमवारी कामाच्या जागी बैठक ठरली. जेवणाच्या सुट्टीत. म्हणजे डबा खायला बूड टेकायचं, तेही गेलं.

पहिल्या बैठकीला साहेब आणि दोन अधिकारी खुर्च्यांवर, समोर ऐंशी बाया उभ्या.

"मिळाली ना बैठक?" जाऊ कानाशी कुजबुजली. "घ्या आता, ऐसपैस बसा."

"कुणाला काही मांडायचंय?" साहेबांनी विचारलं.

"मांडायचं काही नाही साहेब," बटणमावशी म्हणाली, "बसायचंय." आणि टेबलाला धरून धरून ती खाली बसली, पाय लांब करून, भर फरशीवर.

"अहो, हे काय?"

"बैठक. मी हीच लिहिली होती."

जाऊ फिस्सकन हसली नि तिच्या शेजारी बसली. मग एकेक करत ऐंशीच्या ऐंशी. अधिकाऱ्याने वहीत टिपलं : उत्स्फूर्त प्रतिसाद.

घंटा झाली. बटणमावशीने उठायचा प्रयत्न केला, गुडघे उठेनात. जाऊने हात दिला नाही. ती स्वतःही उठली नाही. कुणीच उठलं नाही.

तपासणीची टेबलं विकत घेतली तेव्हा त्यांच्यासोबत बारा स्टुलं आली होती. ती उतरवल्या दिवशीच गोदामात ठेवली गेली, आणि अजून तिथेच होती.