गाडी गेली, इंजिन राहिले

"खाली घे. अजून. अरे थांब, थांब की!" ऑड्री हॉर्सफॉल ओरडली, तसे शेजारच्या व्हर्ननने क्रेन सोडून दोन्ही हात वर केले.

भाड्याच्या क्रेनला साखळीने इंजिन लटकत होते आणि इंजिनाच्या मागे गिअरबॉक्स. दोन्ही तिरके करून गाडीच्या उघड्या लोखंडी सांगाड्यात उतरवायचे होते. गिअरबॉक्सचे शेपूट खाली गेले आणि मध्येच अडकले.

"ऑड्री, याच्यातलं तेल काढलं होतंस ना?"

"मी? तू काढणार होतास."

तोवर दाट, उग्र वासाचे तेल शेपटातून भळाभळा व्हर्ननच्या पायांवर आले होते.

"अगं, माझे चॅपलचे बूट!"

"बरं झालं. दर रविवारी ऐन प्रार्थनेत कुरकुरतात मेले. आता देवालाही जरा शांतता मिळेल."

तिने पावाची रिकामी पिशवी शेपटावर चढवली आणि दोरीने करकचून बांधली. दोघांच्या वयाची बेरीज दीडशेच्या आसपास होती. गाडी बांधण्याचा अनुभव दोघांचा मिळून शून्य.

इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन गावाच्या त्या मागच्या गल्लीत ऑड्रीच्या या उद्योगाची कुणकुण सगळ्यांना होती. नव्हती ती फक्त तिच्या मुलाला, कीथला. वसंतात बाजाराच्या आवारात ऑड्रीची निळी सिएरा गाडी ढकलगाड्यांच्या कठड्याला घासली होती. ओरखडा हातभर, पण कीथने त्याचा डोंगर केला. तिचे डोळे तपासून घेतले, ते ठणठणीत निघाले. तरी त्याचे एकच पालुपद, "आई, ती गाडी गेली पाहिजे." अखेर ऑड्री म्हणाली, "बरं बाबा, जाईल गाडी." आणि गेली. भंगारवाला ट्रकवर घालून घेऊन गेला. दारासमोरची मोकळी जागा पाहून कीथला इतका आनंद झाला की त्याने आईला मिठी मारली. ट्रकवर नुसता पत्रा होता, हे त्याला कोणी सांगितले नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स आधीच मागच्या गल्लीतल्या गॅरेजात पोचले होते. तिथे तिने एका कंटाळलेल्या हौशी माणसाकडून घेतलेला, घरी बांधायच्या दोन आसनी उघड्या गाडीचा सांगाडा वाट पाहत उभा होता.

ही थट्टा नव्हती. तिचा नवरा स्टॅन्ली याने असेच कीथचे ऐकून शहाण्यासारखी गाडी सोडली होती. मग तो खिडकीशी खुर्ची टाकून बसला. कोणी फिरायला नेईल म्हणून रविवारी कोट घालून बसायचा. कीथ यायचा, पण घाईत यायचा. स्टॅन्ली कशाने गेला ते डॉक्टरांनी सांगितले, पण ऑड्रीला विचाराल तर तो त्या खुर्चीने गेला. ती खुर्ची तिने अंत्यविधीनंतर फोडून शेगडीत घातली होती.

"आई?"

गॅरेजच्या दारात कीथ उभा होता. अंगावर ऑफिसचा कोट आणि हातात आल्याच्या केकचा डबा.

"आई, हे काय चाललंय? व्हर्ननकाका, तुम्हीसुद्धा?"

व्हर्नन दचकून वळला, तेलावर घसरला आणि पडू नये म्हणून साखळीला लोंबकळला. इंजिनाने झोका घेतला. शेपूट एकदम सुटून खाली आले, आणि ऑड्रीचे हात त्याच्याखालीच होते. कीथने डबा टाकला आणि अंग झोकून ते वजन झेलले. कोट गेला, केक गेला.

"धरलंस ना? आता सोडू नकोस," ऑड्री म्हणाली. "जरा डावीकडे. व्हर्नन, सावकाश खाली घे."

"आई, बोटं गेली असती तुझी!"

"नाही गेली. अजून डावीकडे."

"तू मला फसवलंस."

"तू म्हणालास गाडी गेली पाहिजे. गेली."

"या वयात हे शोभतं का? उद्या काही झालं तर?"

"उद्या काही झालं तर झालं! तुझा बाप काहीच न होता गेला, कीथ. काहीच न होता! मी खिडकीशी बसणार नाही. तुझं ऐकून नाही, डॉक्टरचं ऐकून नाही."

तेवढ्यात शेपूट आपल्या जागी गेले आणि इंजिन सांगाड्यातल्या बैठकीवर टेकले. ऑड्रीने एकेक बोल्ट हाताने लावला, पान्याने आवळला, आणि क्रेन बाजूला झाली.

"हे कधी रस्त्यावर येणार नाही," कीथ पुटपुटला.

"आत्ता येईल." आसने अजून बसायची होती. ऑड्रीने दुधाचे खोके सांगाड्यात पालथे घातले, त्यावर बसली आणि स्टिअरिंग धरले. "ढकल."

"आई!"

"व्हर्ननचे बूट घसरतायत. तुझे हात नाहीतरी काळे झालेच आहेत."

त्याने ढकलले. का, ते त्यालाही सांगता आले नसते. सांगाडा खडखडत गल्लीत आला. ऑड्री तोंडानेच घुर्र घुर्र आवाज काढत होती आणि मधूनमधून गिअर बदलत होती. एकेका स्वयंपाकघराचा पडदा सरकत होता. शेवटच्या घरातल्या बाईने तर भांडे घासायचे सोडून टाळ्या वाजवल्या. कीथचे कान लाल झाले.

गल्लीच्या तोंडाशी ऑड्रीने हातब्रेक ओढला. "इथूनच वळून परत जायचंय."

"मग वळ की. कोणी नाहीये."

तिने उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले, पुन्हा उजवीकडे पाहिले. लांबून एक म्हातारा कुत्र्याला घेऊन सावकाश येत होता. ती थांबली. म्हाताऱ्याने गल्लीचे तोंड ओलांडले, टोपीला हात लावला आणि पुढे गेला. कुत्रे खांबापाशी रेंगाळले, तेही गेले. मागे वाकून उभा असलेला कीथ हे सगळे पाहत होता.

मग ऑड्रीने वळण्याची खूण म्हणून उजवा हात बाहेर काढून सरळ ताठ धरला. कोपरापर्यंत तेलाने माखलेला तो हात जराही थरथरत नव्हता.

"आता," ती म्हणाली, आणि कीथने खांदा लावला.