लिपीनाथ महाराजांची देवलिपी

सोनारीजवळच्या आमच्या गावात मंगळवारी सकाळी पारावर एवढी गर्दी झाली, की मारुतीलाही देवळातून बाहेर येऊन बघावंसं वाटलं असेल. लिपीनाथ महाराज आले होते. पांढऱ्या कोऱ्या कापडाचा तुकडा ते चारी बाजूंनी फिरवून दाखवायचे, परातीतल्या हळदीच्या पाण्यात बुडवायचे आणि वर काढला की त्यावर कुंकवासारखी लालभडक अक्षरं! गोल गोल, जिलेबीसारखी.

"ही देवलिपी!" महाराज गर्जले. "बीएला कळायची न्हाय, एमेला कळायची न्हाय. मोबाईलचा किरण लागला तर अक्षर कोपतंय. फोटो काढायचा न्हाय!"

आमचे कृष्णराज सर एमे, बीएड. त्यांनी चष्मा पुसून कापड पाहिलं, मग उलटं धरून पाहिलं. "ब्राह्मी असावी," ते म्हणाले. "किंवा तिच्याही आधीची."

शेजारच्या बलभीमच्या कापडावर महाराजांनी वाचलं, "तुझी म्हैस दसऱ्याला व्याणार." मग माझी धाकटी जाऊ गौराबाई पुढं झाली. तिला साखरेचा आजार, दोन वेळा इन्सुलिनची सुई. तिच्या कापडावर निघालं, "सुई बंद कर. हे कापड धुऊन पाणी पी."

"बघा जाऊबाई, देवीनं माझ्यासाठीच लिहिलंय!"

"तुला वाचता येतं का गं?"

"सरांनाबी कुठं येतंय?"



शुक्रवारपर्यंत गौराबाई घागरभर पाणी पिऊन पुन्हा तहानलेलीच. बोलता बोलता पेंगायची. सुईचं नाव काढलं की म्हणायची, "देवीनं लिहून दिलंय." माझा जीव थाऱ्यावर राहीना. मी तिचं कापड घेतलं, बलभीमचं मागून आणलं आणि शेजारी शेजारी ठेवलं. दोन्हींवर त्याच दोन ओळी! मग एकावर म्हैस, दुसऱ्यावर सुई कशी?

गौराबाईला हाताला धरून मी पार गाठला. दोन्ही कापडं महाराजांपुढं धरली.

"लिपी एकच, भाव वेगळा," महाराज हसले. "माय, तुमाला न्हाय कळायचं."

तेवढ्यात मागून कुणीतरी खुदकन हसलं. ती शिवगंगा होती. चाळीस वर्षांपूर्वी कर्नाटकातल्या सेडमहून लग्न होऊन आलेली. तिनं कापड हातात घेतलं आणि तिचा पदर तोंडाकडं गेला.

"बाई, हे देवाचं न्हाय. हे पेंडीचं हाय!"

"कशाचं?"

"पेंडीच्या पोत्यावर असतंय की. 'दनगळिगे मात्र'. फक्त जनावरांसाठी. अन् खाली 'तेवदिंद दूरविडि'. ओल लागू देऊ नका!"

बलभीम म्हणाला, "म्हशीला तरी चालतंय!" आणि हशा पिकला.

"गप बस, अडाणी बाई!" महाराज ओरडले. "अंगठा लावतीस तू!"

"मराठीत लावते. कानडीत सही करते. चौथी पास हाय मी."

मला लाज वाटली. पूर्वी चिंचेखाली मी साक्षरता वर्ग घ्यायचे. पाटीवर 'कमळ' गिरवणाऱ्या त्या बाया, बोटांना लागलेला खडू, ते सगळं अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हा वहीत शिवगंगेपुढं 'निरक्षर' हे मीच लिहिलं होतं. "दुसरं काही वाचता येतं का?" एवढंही विचारलं नाही.

"पण अक्षरं उमटली ती खोटी का?" महाराजांनी शेवटचा पत्ता टाकला.

मी बलभीमकडून तंबाखूची डबी मागितली. त्यातला चुना पाण्यात कालवून, वरची निवळी घेऊन, त्याच्या उपरण्याच्या कोपऱ्यावर बोटानं लिहिलं आणि उन्हात वाळू दिलं. कोरं करकरीत! हळदीचं पाणी शिंपडलं तशी अक्षरं लाल झाली. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आमच्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक असायला हवं होतं.

"काय लिहिलंय?" गौराबाईनं विचारलं.

पारावरच्या पोरांनी एका सुरात वाचलं, "गौरे, सुई घे!"

महाराजांनी परात काखोटीला मारली. "मला तरी कुठं कानडी येतंय," ते पुटपुटले. "पोत्यावर बघून गिरवलं."

म्हणजे लिहिणाऱ्यालाही वाचता येत नव्हतं!

तसंच शिवगंगेनं आणि मी गौराबाईला उपकेंद्रात नेलं. साखर चारशेच्या वर. सिस्टर प्रतीक्षानं आधी तिला झापलं, मग फोनवर डॉक्टरांना विचारून सुई भरली.

वाचकहो, जे आपल्याला वाचता येत नाही ते पवित्र ठरत नाही, फक्त न वाचलेलं असतं. मी एमे असले काय नि अंगठेबहाद्दर असले काय, अशा कागदापुढं सारखीच आंधळी. तेव्हा विचारावं, एकाला नाही, दोघांना विचारावं, आणि अंगठा लावणाऱ्या बाईलाही विचारावं.

गौराबाईनं हे माझ्याआधी केलं. सिस्टर सुई घेऊन जवळ आली, तसा तिनं दंड मागं घेतला.

"आधी त्या बाटलीवर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच," ती म्हणाली. "मग शिवगंगेला दाखव. मग टोच."